धोट्याच्या मानेवरचा हात

१९५६ नंतर लालबागेत ज्यांनी लवू धुरीला पाहिले, त्यांना तो कमरेत वाकलेलाच आठवतो. डावा हात एका मळकट पिवळ्या कुत्र्याच्या मानेवर, उजव्या हातात काठी, पाठीवर वेताच्या पट्ट्यांचा भारा, आणि अंग असे पुढे झुकलेले की वाटेत सांडलेले काही तो शोधत चालला आहे असे वाटावे. चाळीत नव्याने राहायला आलेली माणसे समजत, गिरणीत उभ्याने राबून याची कंबर गेली. काहींना वाटे, कुत्रा दत्ताचा, म्हणून हा भाविकपणे वाकून चालतो. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. लवूचे वय तेव्हा चाळिशीच्या आत होते आणि त्याचा कणा धडधाकट होता. ते वाकणे त्याने स्वतः पत्करले होते. त्याचे कारण जुन्या बिऱ्हाडांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते, आणि कोणी ते बोलून दाखवत नसे.

लवू मालवणजवळच्या एका खेड्यातून सोळाव्या वर्षी मुंबईत आला आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, लागला. पुढे दोन साचे त्याच्या नावावर झाले, शांताशी लग्न झाले, लालबागेतल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली मिळाली. १९५१ साली एका दुपारी साच्यातून धोटा निसटला. उभ्या ताण्यांतून आडवा दोरा घेऊन धावणारा हा लाकडी, टोकाला लोखंड बसवलेला धोटा एकदा वाट सोडून उडाला की अडवता येत नाही. तो लवूच्या उजव्या डोळ्यावर बसला. शेजारच्या साच्यांवर गणपत तावडे होता, त्याच्याच बाजूच्या गावचा. त्याने साचे चालते सोडले, लवूला पाठुंगळीला घेतले आणि इस्पितळापर्यंत तो धावत गेला. उजवा डोळा त्याच दिवशी गेला. एक डोळा असा दुखावला की कधीकधी दुसराही त्याच्यामागे जातो असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि सहा महिन्यांत तसेच झाले.

पुढची दोन वर्षे लवू इतरांच्या हाताने चालला. शांताने गिरणीतल्या बारा गड्यांची खाणावळ सुरू केली. तिला उसंत नसे, म्हणून नळावर, संडासाला, हजामाकडे न्यायला जो हाताशी असेल तो लवूला धरून नेई. कोणी कधी कुरकुर केली नाही. पण त्या दोन वर्षांत लवूला एक गोष्ट कळली, जी त्याला शब्दांत मांडता आली नसती: हात धरणारा कितीही मायेचा असला, तरी कधी निघायचे, कुठे थांबायचे आणि कोणाशी बोलायचे हे त्याच्या हातात जाते. ज्याला सतत नेले जाते, त्याला हळूहळू कुठे जायचेच उरत नाही. दादरच्या एका अंधशाळेत तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. बोटांना ताणा आणि बाणा मुळातच ठाऊक होता. काम मिळू लागले. पण कामापर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न तसाच होता.

कुत्रा चाळीच्या जिन्याखाली जन्मला होता आणि शांताच्या खाणावळीतल्या उरल्यासुरल्यावर वाढला होता. तो लवूच्या मागेपुढे राही. एकदा नळाकडे जाताना लवूचा पाय उघड्या गटारात गेला आणि तो कुत्र्यासकट पडला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी कुत्रा आपणहून आडवा उभा राहिला. लवू तिथेच थांबला आणि त्याने बराच वेळ विचार केला. मग त्याने कुत्र्याला सुतळी बांधून पाहिली. सुतळी ओढ तेवढी सांगते, कुत्रा थांबला की ती सैल पडते आणि काहीच सांगत नाही. मग त्याने जाड वेत वाफेवर वाकवून, छातीच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी जोडलेली, कमरेइतक्या उंचीची एक ताठ मूठ तयार केली. तिच्यातून कुत्र्याच्या खांद्यांची हालचाल सगळी हाताला कळे: वळण, चढ, बिचकणे, थांबणे. कुत्र्याचे नाव त्याने धोटा ठेवले.

"आणि नाव नाय मिळाला तुका?" शांता म्हणाली. "त्याच मेल्यान डोळे घेतल्यान."

"म्हणूनच," लवू म्हणाला. "त्याच्याकडे माझं देणं बाकी आसा."

वर्षभर त्याने धोट्याला शिकवले. फुटपाथची कड आली की थांबायचे. ट्रामचे रूळ आले की थांबायचे. आणि सर्वांत अवघड ते हे, की मूठ अंगावर असेपर्यंत काहीही झाले तरी पळायचे नाही आणि चावायचे नाही. दुसऱ्या कुत्र्यांनी अंगावर यावे, पोरांनी शेपटी ओढावी, धोटा जागचा हलत नसे.

अशा रीतीने १९५४ मध्ये लवू लालबागेहून भायखळ्यावरून सी. पी. टँकपर्यंत आणि तिथून फणसवाडीत एकटा चालत गेला. तिथे कमलाकांतराव अजिंक्य नावाचे एक वकील राहत. पाठारे प्रभूंचे जुने घर, घरात वेताच्या बैठकीच्या अठरा खुर्च्या. याआधी गणपतने लवूला तिथे दोनदा पोचवले होते. या वेळी गणपत नाही असे पाहून कमलाकांतराव स्वतः जिना उतरून खाली आले आणि वाकून त्यांनी ती मूठ निरखली.

"लवू, हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

"कोणी नाय, साहेब. सुतळी सैल पडायची. म्हणून वेत लावला."

"पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या शिपायांना विलायतेत असे कुत्रे तयार करून दिले. मी वाचलंय त्याबद्दल. त्यांच्या अंगावर अशीच मूठ असते."

लवूला त्याचा अभिमान वाटला नाही, धीर वाटला. जे आपण करतो आहोत ते वेडेपण नाही, एवढे त्याला पुरे होते.

वरून कमलाकांतरावांच्या पत्नी नलूताईंचा आवाज आला, "ते कुत्रं दिवाणखान्यात येणार? गालिच्यावर?"

"मग लवूंचे डोळे जिन्याखाली ठेवायला सांगू का?"

"डोळे पाय पुसून येत असतील तर येऊ देत," नलूताई म्हणाल्या, आणि त्यांनी पायपुसणे खाली पाठवले.

निघताना कमलाकांतरावांनी वाचलेले आणखी एक सांगितले. असा कुत्रा कामावर असताना मालकाखेरीज कोणी त्याला हात लावू नये, हाक मारू नये, खायला घालू नये. ते ऐकून लवू पहिल्यांदा हसला. फणसवाडीत हे सांगणे सोपे होते. लालबागेत गुरुवार येत असे.

गुरुवारी कुत्र्याला घास घालणे हे तिथल्या बायकांच्या दृष्टीने दत्ताला घालणे होते, आणि रोज डोळ्यांसमोर आंधळ्याला सांभाळून नेणारा कुत्रा सोडून दुसऱ्याला घास कोण घालणार? तळमजल्यावरच्या जाईबाईने एका गुरुवारी रस्त्यापलीकडून पेढा दाखवून हाक मारली. धोटा तरणाच होता. तो वळला आणि लवू ट्रामच्या रुळांवर उभा राहिला. ड्रायव्हरने घंटा बडवत ट्राम हातभर अंतरावर थांबवली. जाईबाईला वाटले, दत्तानेच वाचवला.

"तो दत्ताचा आहे गं," ती शांताला सांगत होती. "गुरुवारचा घास नको म्हणू नये."

शांताने वाद घातला नाही. "घास माझ्याकडे आणून दे," ती म्हणाली. "संध्याकाळी मूठ काढली काय मी घालतंय. मूठ काढली काय तो देवाचो. मूठ घातली काय तो माझ्या घोवाचो."

ते चाळीला पटले. देवाचा हक्क नाकारला नव्हता, त्याची वेळ ठरवून दिली होती. पुढे दोन वर्षे हा नियम कायद्यासारखा पाळला गेला. मुठीत कुत्रा दिसला की मुले बाजूला होत, हाका बंद पडत. मूठ खुंटीवर गेली की धोटा पुन्हा साऱ्या चाळीचा होई. कोणत्याही वस्तीत जे सर्वांचे आहे आणि जे एकट्याचे आहे, त्यांच्यामध्ये अशी एखादी साधी खूण लागते, आणि ती खूण टिकते ती लोक तिला मान देतात तोपर्यंतच. ती खूण पुढे मोडली. पण मोडणारा परका नव्हता.

१९५६ च्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवण्याच्या निर्णयावरून शहर पेटले. गोळीबार झाला, संचारबंदी लागली. गणपतचा धाकटा भाऊ शिवा एकोणीस वर्षांचा होता. तो परळच्या नाक्यावर गोळी लागून पडला आणि इस्पितळात नेईपर्यंत संपला. त्या दिवसापासून गणपत कामावर जाई, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना जाई, आणि फारसे बोलत नसे. लवूही सभांना जाई. घोषणा द्यायला डोळे लागत नाहीत. आपल्या भाषेचे राज्य मुंबईसह व्हावे, ही गोष्ट त्याला कोणी समजावून सांगावी लागली नव्हती. मोर्चात तो धोट्याला घेऊन शेवटच्या रांगेत चाले.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक मंत्री मुंबईत भाषणाला यायचे होते. त्यांच्या निषेधाची मिरवणूक लालबागेतून निघणार होती. अशा मिरवणुकीत ज्याचा निषेध त्याच्या नावाची पाटी गाढवाच्या गळ्यात बांधून ते गाढव पुढे चालवायचे आणि नाक्यावर पाटीला जोडे मारायचे, अशी रीत पडली होती. समितीचे काम जिथून चाले त्या व्यायामशाळेत लवू त्या सकाळी होता. समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीची बैठक फाटली होती, ती तो विणत होता. धोटा मुठीसकट त्याच्याजवळ बसला होता, कारण काम संपताच दादरला जायचे होते. गणपत आला. त्याच्याबरोबर चाळीतलाच रामदास आणि आणखी पाचसहा जण होते.

"लवूदादा, धोट्याला जरा दे."

"कशाला रे?"

"गाढव मिळत नाही," रामदास मध्येच म्हणाला. "धोबी म्हणतो, त्याचं नाव लावून माझ्या गाढवाची अब्रू घालवू काय?"

सगळे हसले. लवूही हसला. मग त्याच्या लक्षात आले की गणपतही हसतो आहे. नऊ महिन्यांत त्याने गणपतचे हसणे ऐकले नव्हते.

"बरं, मूठ काढून ने," लवू म्हणाला.

"मूठ असू दे. पाटी तिलाच घट्ट बांधता येईल. गळ्यात बांधली तर लोंबकळते."

लवूला नाही म्हणायचे होते. मूठ घातली की तो माझा, हे वाक्य चाळीत सर्वांना पाठ होते आणि त्याने ते नुसते उच्चारले असते तरी भागले असते. पण समोर शिवाचा भाऊ उभा होता, ज्याच्या पाठीवर लवूचे रक्त सुकले होते. भोवती सगळे कामकरी, आपली माणसे, आपल्याच कामासाठी आलेली. अशा वेळी एका कुत्र्यासाठी आडवे येणारा माणूस क्षुद्र दिसतो, आणि लवूला क्षुद्र दिसायचे नव्हते. त्याने विणणे थांबवले, मुठीवर हात ठेवला, आणि ती मूठ गणपतच्या हातात दिली.

मूठ एकदा मागे वळली. वेत किंचित करकरला. धोटा वळून पाहत असावा.

"जा," लवू म्हणाला.

तो शब्द धोट्याला माहीत होता. तो गेला.

पुढे नाक्यावर काय झाले, ते लवूला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळले. पाटी मुठीवर उभी बांधली होती आणि तिच्याखाली कुत्रा होता. पहिला जोडा गणपतने मारला, शिवाचे नाव घेऊन. मग गर्दी पुढे सरली. ज्यांना पाटी दिसत होती त्यांनी पाटीवर मारले. ज्यांना मागून फक्त आवाज ऐकू येत होता, त्यांनी जिथे हात पोचेल तिथे मारले. दुसरे कोणतेही कुत्रे पहिल्या तडाख्याला दोरी तोडून पळाले असते, निदान कोणाच्या तरी पोटरीला चावले असते. धोटा उभा राहिला. मूठ अंगावर असताना पळायचे नाही आणि चावायचे नाही, हे लवूने त्याला शिकवले होते, आणि त्याने ते नीट शिकले होते.

मार कुत्र्याला बसतो आहे हे गणपतच्या ध्यानात आले तेव्हा त्याने पाटी उपटून फेकली आणि कुत्र्याला उचलले. तो व्यायामशाळेत आला तेव्हा त्याचा श्वास लवूला दारापासूनच ऐकू आला. पाच वर्षांपूर्वी इस्पितळाच्या वाटेवर कानापाशी ऐकलेला तोच श्वास होता.

"जोडे पाटीला होते, लवूदादा," गणपत म्हणाला.

लवूने हाताने पाहिले. उजवा डोळा सुजून मिटला होता. पुढचा एक पाय धरवत नव्हता. फासळ्यांवर हात लागताच कातडे थरथरत होते, पण तोंडातून आवाज नव्हता. अंगावर मूठ अजून तशीच होती. लवूने पट्टा सोडून ती काढली, तेव्हा कुठे धोटा पहिल्यांदा केकाटला.

कोणीतरी शांताला बोलावून आणले होते. ती खाली बसली आणि पदराने कुत्र्याचे तोंड पुसू लागली.

"पाटी खंय संपता आणि कुत्रो खंय सुरू होता," ती म्हणाली, "ह्या कोणीच बघूक नाय?"

"तू मारलंस?" लवूने गणपतला विचारले.

"पहिला मीच."

लवूने हातातली मूठ जमिनीवर ठेवली. मग म्हणाला, "आणि दिला मी."

त्यानंतर या विषयावर त्या दोघांत बोलणे झाले नाही.

पाय महिन्याभरात बरा झाला, डोळाही उघडला. लवूने मूठ खुंटीवरून काढली. वेत करकरल्याचा आवाज होताच धोटा जमिनीला पोट टेकून पसरला आणि थरथरू लागला. लवूने दुसऱ्या दिवशी पाहिले, आठ दिवसांनी पाहिले. मग त्याने ती मूठ उसवून तिचा वेत चुलीत घातला आणि निराळ्या घडणीची, आखूड, मऊ कापड गुंडाळलेली दुसरी मूठ केली. धोटा तिच्याही खाली पसरला. मारणे आणि मूठ या दोन गोष्टी त्याच्या लेखी एक झाल्या होत्या, आणि मूठ देणारा हात कोणाचा हेही त्याला ठाऊक होते. बाकी तो पूर्वीसारखाच लवूच्या पायाशी निजे. त्याने लवूला सोडले नव्हते. फक्त ती एक गोष्ट तो पुन्हा घेणार नव्हता.

लवूची कामे सुटू लागली. कमलाकांतरावांनी निरोप पाठवून त्याला बोलावून घेतले. रामदास त्याला हात धरून फणसवाडीत घेऊन गेला. "लवू, दुसरा एखादा पिल्लू असल्यापासून तयार करा," ते म्हणाले. "वर्ष जाईल, पण सुटाल. या कुत्र्याला आता विश्रांती द्या."

"साहेब, चूक त्याची असती तर बदलला असता," लवू म्हणाला. "उद्या दुसऱ्याला तरी काय सांगून शिकवू? मूठ अंगावर आहे तोवर उभा राहा, तुला कोणी मारणार नाही, असं? ते याला सांगितलं होतं."

नलूताईंनी रामदासला चहा दिला आणि लवूला विचारले, "त्याचे पाय कसे आहेत?"

उपाय शेवटी सापडला तो योजून नव्हे. एका सकाळी नळावर घागरींची गर्दी होती. लवूने वाट काढताना खाली वाकून सहज धोट्याच्या मानेवर हात ठेवला, आणि मान चालू लागली. गटाराशी मान थांबली. लवू ताठ झाला, हात सुटला, धोटाही जागीच राहिला. पुन्हा वाकून हात ठेवला, तो पुन्हा निघाला. मधे काही नको होते. वेत नको, पट्टा नको, दुसऱ्याच्या हातात देता येईल असे काहीच नको. नुसता हात चालत होता. पण धोटा काही उंच कुत्रा नव्हता. त्याच्या मानेवर हात ठेवून चालायचे तर माणसाने कमरेत वाकलेच पाहिजे.

"असो किती दिवस चलशीत?" शांताने विचारले. "कंबर मोडून जायत."

"तो काही आता उंच होणार नाय गो," लवू म्हणाला.

तेव्हापासून तो वाकला. फणसवाडीला जायला पूर्वी सव्वा तास लागे, आता अडीच लागत. वाटेत तीन ठिकाणी तो पाठ टेकून बसे. भारा निम्मा न्यावा लागे. रात्री शांता तव्यावर फडके तापवून त्याची कंबर शेकी. पण जाई तो आपल्या वेळेला, आपल्या वाटेने. चाळीत धोट्याला आता कोणी हाक मारीनासे झाले, मूठ नसतानाही. पूर्वीची खूण मोडली होती, आणि तिच्या जागी कोणी दुसरी ठरवली नाही. जाईबाई गुरुवारचा घास शांताकडे आणून देई आणि न बोलता जिना उतरे.

गणपतने नाक्यावरच्या त्या दिवसापासून चपला सोडल्या. लवूला हे शांताने सांगितले. लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला. संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असे नवस तेव्हा पुष्कळांनी केले होते. समितीच्या एका सभेत गणपतचे नाव घेऊन त्याबद्दल टाळ्याही पडल्या. गणपतने खुलासा केला नाही. लवूनेही केला नाही. एकाची पाठ आणि दुसऱ्याचे पाय, दोन्ही रोज रस्त्यावर लोकांच्या नजरेसमोर होते, आणि लोक दोन्ही चुकीचे वाचत होते.

एक गोष्ट मात्र शांतानेही सांगितली नव्हती, ती लवूला आपणच कळली. सकाळी तो निघे तेव्हा त्याच्यापुढे वीसेक पावलांवर कोणीतरी चालत असे. चपलांचा आवाज नसे. नाक्यावर गर्दी असली तर ती आधीच बाजूला झालेली असे, हातगाडी सरकवलेली असे. भायखळ्याच्या पुलाशी ते चालणे थांबे आणि गिरणीच्या दुसऱ्या पाळीसाठी मागे वळे. लवूने कधी हाक मारली नाही.

१९६० च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र राज्य झाले. रविवार होता. लालबागेतून सकाळीच मिरवणूक निघाली. लेझीम, ढोल, गुलाल. लवूने इस्त्रीचा सदरा घातला. मोर्चात शेवटच्या रांगेत चाललेला माणूस आज पुढल्या रांगेत चालू शकतो, असे रामदास आदल्या दिवशी येऊन सांगून गेला होता. या दिवसाची त्याने चार वर्षांहून अधिक वाट पाहिली होती, आणि त्याला तिथे असायचे होते. वाकून, धोट्याच्या मानेवर हात ठेवून, तो गल्लीच्या तोंडापर्यंत आला. ढोल जवळ आला होता. मान थांबली.

"चल," लवू म्हणाला.

मान हलली नाही. हाताखाली कातडे थरथरू लागले. धोटा आता म्हातारा झाला होता, त्याचे खांदे हाडकले होते. लवूने आणखी एकदा सांगितले नाही.

मिरवणूक गल्लीशी आली. "लवूदादा, चला," रामदासचा आवाज आला. "कुत्र्याला राहू द्या जरा इथं, पोरं सांभाळतील. मी धरतो तुम्हाला."

लवूचा हात धोट्याच्या मानेवर होता. पूर्वी एकदा त्याला भोवतीच्या आपल्या माणसांमध्ये क्षुद्र दिसायचे नव्हते. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "आम्ही बसतो."

तो गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून खाली बसला. धोटा त्याच्या पायांशी भिंतीला लागून पसरला. ढोल अंगावरून जाऊ लागला. थोड्या वेळाने लवूच्या शेजारी कोणीतरी बसले. चपलांचा आवाज आला नव्हता.

"तू जा," लवू म्हणाला. "शिवासाठी तरी जा."

"शिवासाठीच बसलोय," गणपत म्हणाला.

गर्दीतून कोणी ओरडले, "गणपतराव, घाला आता चपला. मिळालं राज्य." गणपतने अनवाणी पाय जवळ ओढले. रस्ता तापला होता. दोघेही गिरणीतल्या मधल्या सुट्टीसारखे, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिले.

बऱ्याच वेळाने गणपतने विचारले, "हात लावू त्याला?"

साडेतीन वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारले होते.

"मला विचारून काय उपयोग," लवू म्हणाला.

गणपतने हात जमिनीवर, तळवा वर करून, कुत्र्यापासून वीतभर अंतरावर ठेवला. धोट्याने मान उचलल्याचे लवूला पायाशी जाणवले. त्याने हुंगल्याचा आवाज आला. मग मान पुन्हा खाली टेकली, होती तिथेच. हाताकडे ती सरकली नाही, आणि त्याच्यापासून मागेही सरली नाही.

गणपतने हात काढून घेतला नाही. मिरवणूक परळच्या दिशेने गेली, ढोल लांब गेला. लवू उठला, वाकला, आणि त्याने धोट्याच्या मानेवर हात ठेवला. थरथर थांबली होती.

"घरी?" गणपतने विचारले.

"नाय. मिरवणुकीमागून," लवू म्हणाला. "आवाज अंगावर येणार नाय इतकं मागं."

गणपत उठून पुढे झाला. वीस पावले झाल्याखेरीज लवू निघाला नाही.